आईसाठी घडीचा चाकू घडवतेय: यंत्रणा कोणती घ्यावी?

मुलुंडकरीण

मार्गशीर्षात आईची पंचाहत्तरी आहे. भाऊ-वहिनी पैठणी घेणार आहेत. मला तिला माझ्या हाताने केलेला घडीचा चाकू द्यायचा आहे.

आईची सगळी नोकरी मुलुंड ते व्हीटी लोकलने झाली. संध्याकाळी परतताना बायकांच्या डब्यात भाजी निवडायची, शेंगा सोलायच्या, घरी पोचेपर्यंत फोडणीची तयारी झालेली असायची. तिच्या पर्समध्ये पितळी मुठीचा एक छोटा मिटता चाकू असायचा. फरसबीच्या शिरा त्यानेच काढायची. तो कधीच कुठेतरी गेला, पण त्याची आठवण ती अजून काढते. आता घरात दोन-तीन घडीचे चाकू आहेत, चांगल्या कंपन्यांचे. तिला एकही उघडत नाही. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे. पात्याच्या खाचेत नख अडकवून स्प्रिंगच्या विरुद्ध ओढायचं म्हटलं की ती चाकू सरळ माझ्या हातात देते. हे मला फार लागतं.

मी टूलरूममध्ये काम केलेलं आहे, त्यामुळे ड्रॉइंग, ड्रिल, रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार), कानस यांची भीती नाही. चाकू मात्र पहिलाच. शनिवारी भांडुपला ओळखीच्या गाळ्यात ड्रिलिंग मशीन, बेल्ट सँडर आणि मालकांना वेळ असेल तर सरफेस ग्राइंडर मिळतो. मुठीसाठी लाकूड आहे: आईचं माहेर लालबागच्या चाळीत होतं, ती पाडली तेव्हा मामाने दाराच्या चौकटीचा तुकडा जपून ठेवला होता. अस्सल बर्मा टीक.

पातं साधारण ७ सेंमी, जाडी २ मिमी. माझ्या डोक्यात तीन पर्याय आहेत: पाठीच्या स्प्रिंगचा (स्लिपजॉइंट), आतल्या पट्टीच्या लॉकचा (लायनर लॉक), किंवा ओपिनेलसारखा कडी फिरवून बंद होणारा. तिच्या हाताला कुठला चालेल? तयार घ्या असं कृपया सुचवू नका, तयार घेऊन झालेले आहेत.

कानसवाला

ताई, तिन्ही नकोत. कारणांसकट सांगतो.

स्लिपजॉइंटमध्ये पाठीची स्प्रिंग पात्याच्या मुळावर सतत दाबून बसलेली असते, त्या दाबावरच चाकू उघडा राहतो. स्प्रिंग नरम केली तर उघडायला सोपा, पण फळ चिरताना लटपटतो. घट्ट केली तर आईंचा अंगठा दुखणार. शिवाय उघडा, अर्धा आणि मिटलेला अशा तिन्ही स्थितींत स्प्रिंगची पाठ मुठीच्या पाठीशी एका पातळीत यायला हवी. पहिल्याच चाकूत तो मेळ बसवणं जिकिरीचं आहे.

लायनर लॉक उघडायला हलका करता येतो, पण मिटताना अंगठ्याने पट्टी बाजूला सारून धरावी लागते आणि त्याच वेळी अंगठा पात्याच्या वाटेत असतो. दुखऱ्या अंगठ्याला हे काम देऊ नये. ओपिनेल १८९० पासून बनतोय, त्याची ती फिरती कडी १९५५ ची. सुंदर वस्तू आहे, पण तिथेही नखाची खाच आली, आणि कडी चिमटीत धरून फिरवणं आलं. चिमूट म्हणजे पुन्हा तोच सांधा. त्यातून पावसाळ्यात लाकूड फुगलं की पातं मुठीत आवळून बसतं.

तुम्हाला हवा तो फ्रिक्शन फोल्डर. जपानमध्ये मिकी गावचा हिगोनोकामी असतो, त्या जातीचा. स्प्रिंग नाही, लॉक नाही. पातं ज्या पिनेवर फिरतं ती खिळ, पात्याचं शेपूट त्या खिळीच्या मागे लांब ठेवायचं. मिटलेला असताना ते मुठीच्या पाठीवर बाहेर डोकावतं. ते दाबलं की पातं बाहेर. पूर्ण उघडल्यावर शेपूट मुठीच्या पाठीवर येऊन टेकतं आणि मूठ धरली की तळव्याखाली दाबलेलं राहतं. म्हणजे धरणारा हात हाच लॉक. नख नको, चिमूट नको.

पेरू_तिखटमीठ

धागा वाचतेय. एक शंका. लॉकच नाही तर चिरताना चाकू बोटावर मिटणार नाही का? पंचाहत्तरीच्या बाईच्या हातात देताना याचा विचार व्हायला हवा.

कानसवाला

योग्य प्रश्न. फळ पाटावर ठेवून चिरताना जोर धारेवर येतो, आणि धारेवरचा जोर पात्याला उघडायच्याच दिशेने ढकलतो. त्यात धोका नाही. धोका टोकाने टोचताना किंवा पात्याच्या पाठीवर जोर दिला तर आहे. अननसाचे डोळे काढणं, बटाट्याचे कोंब उकरणं, डब्याचं झाकण उचकटणं ही कामं या चाकूची नाहीत. म्हणून टोकदार पातं करूच नका. धार सरळ ठेवा आणि पाठ पुढे गोल उतरवा, मेंढीच्या खुराच्या आकाराचं म्हणतात ते. टोकच नसलं तर टोचायचा मोह होत नाही, आणि पिशवीत हात घातला तरी बरं.

मुलुंडकरीण

कानसवाला, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. फ्रिक्शन फोल्डर नक्की.

रविवारी एमडीएफची मूठ आणि ॲक्रिलिकचं पातं कापून वेगवेगळ्या शेपटांचे नमुने केले आणि आईसमोर ठेवले. कशासाठी ते सांगितलं नाही, "यातलं कुठलं सोपं जातंय बघ" एवढंच म्हटलं. मला वाटलं होतं ती अंगठ्याने शेपूट दाबेल. तिने अंगठा लावलाच नाही. मूठ डाव्या हातात धरली आणि उजव्या तळव्याच्या टाचेने शेपूट खाली रेटलं, पोळीचा उंडा दाबतात तसं. मग अरुंद शेपूट बाजूला सारून म्हणाली, "हे रुततं."

त्यामुळे शेपूट आता पात्यापेक्षा रुंद करणार आहे. पातं, शेपूट सगळं २ मिमी पत्र्याचंच, म्हणून शेपटाच्या दोन्ही अंगांना पितळेचे छोटे गाल रिव्हेट करून वरचा भाग ७-८ मिमी रुंद आणि गोलसर करायचा विचार आहे. खिळीपासून शेपटाच्या टोकापर्यंत अंतर २५ मिमी ठेवलं तर तरफ पुरेशी मिळते.

स्टीलचं काय करू? घरी पाणी देता येईल, म्हणजे तापवून तेलात बुडवून कडक करता येईल, म्हणून ओएचएनएस (तेलात कडक होणारं टूल स्टील) मनात आहे.

नागदेवीचा_फेरा

ओएचएनएसची ग्राउंड पट्टी नागदेवीला विचारा, टूल स्टील ठेवणारे तुकडा कापून देतात. पितळी पत्रा आणि फॉस्फर ब्राँझची शिम (अगदी पातळ पत्रा) किका स्ट्रीट, गुलालवाडी भागात. बारीक स्क्रू, डॉवेल पिना नारायण धुरू स्ट्रीटला. सकाळी अकराच्या आत गेलात तर दुकानदाराला दोन शब्द बोलायला वेळ असतो, दुपारी हातगाड्यांमधून वाट काढण्यातच जीव जातो. रविवारी जाऊ नका.

पत्रा घेताना व्हर्नियर घेऊन जा. एक मिमी म्हणून दिलेला पत्रा पुष्कळदा कमीच भरतो.

पेरू_तिखटमीठ

स्टीलबद्दल माझं स्पष्ट मत: स्टेनलेस. ओएचएनएसमध्ये क्रोमियम अगदीच थोडं, अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणजे गंजणार. लिंबू, कैरी, अननस चिरला आणि पुसायचा राहिला की पातं काळं, आणि सफरचंदाच्या फोडीला लोखंडाची चव.

कानसवाला

इथे मी थोडा वेगळा. काळं पडणं म्हणजे गंज नव्हे. कैरीच्या आंबटाने कार्बन स्टीलवर करडा-निळा थर चढतो, तो एकदा नीट बसला की चवही लागत नाही आणि तांबड्या गंजाला जरा आळा बसतो. आपल्या आया-आज्यांच्या विळ्या अशाच काळ्या असायच्या आणि धार काय सुरेख! ओएचएनएसला धार लावणंही सोपं, साध्या दगडावर पाच मिनिटांत येते.

घरी पाणी देणाऱ्यांसाठी, कारण धागा इतरही वाचत असतील: ओएचएनएस साधारण ८०० अंशांपर्यंत तापवायचं. लोहचुंबक चिकटायचं थांबतं ते ७७० च्या आसपास, त्याच्या जरा पुढे. मग कोमट तेलात सरळ उभं बुडवायचं. तिरकं घातलं की पातळ पातं वाकतं. त्यावर कानस घसरली, रुतली नाही, तर पाणी बसलं. लगेच २०० अंशांवर दोन तास, गार करून पुन्हा दोन तास. पॉलिश केलेल्या जागी गवती पिवळा रंग आला पाहिजे. ओव्हनच्या खटक्यावरच्या आकड्यावर विसंबू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. आणि हे काम चाळीच्या गॅलरीत, फ्लॅटच्या बाल्कनीत, गॅस सिलिंडरच्या शेजारी अजिबात करायचं नाही. तापलेल्या तेलाचा भडका कमरेएवढा उठतो. झाकण हाताशी हवं, पाणी जवळपासही नको.

मुलुंडकरीण

कानसवाला, पटतंय सगळं, आणि स्वतःसाठी केला असता तर ओएचएनएसचाच केला असता. पण चाकू आईचा आहे. ती हल्ली चहाचा कप विसरते, चाकू पुसायचा लक्षात राहीलच असं नाही. त्यात मुंबईचा पावसाळा, पिशवीत ओला रुमाल, अर्धं लिंबू. गंजलेला दिसला की तिला वाईट वाटेल आणि ती तो जपून कपाटात ठेवून देईल. वापरला गेला पाहिजे.

म्हणून ४४०सी हे स्टेनलेस. हे घरी होत नाही. १,०१० ते १,०६५ अंशांच्या दरम्यान तापवावं लागतं आणि पृष्ठभागाचा कार्बन जळू नये म्हणून व्हॅक्युम भट्टी बरी. वागळे इस्टेटमध्ये हीट ट्रीटमेंटवाल्यांशी बोलले. एका पात्यासाठी भट्टी लावत नाहीत, पण त्याच तापमानाची दुसऱ्या कुणाची लॉट लागेल तेव्हा त्यात तारेला टांगून घालू म्हणाले. ५८-५९ एचआरसी (कडकपणाचं माप) मागितलंय.

काळा_कोट

कायद्याचं कुणी विचारलेलं नाही, पण मुंबईत विचारायला हवं.

शस्त्र नियम, २०१६ मध्ये धारदार शस्त्रांच्या वर्गात ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांची शस्त्रं येतात, आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. तुमचं ७ सेंमीचं फळं चिरायचं पातं त्यापासून फार लांब आहे. पण मुंबईत पोलीस आयुक्त महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली वेळोवेळी मनाई आदेश काढतात आणि त्यात सार्वजनिक ठिकाणी सुरे बाळगण्याचाही समावेश असतो. म्हणून मोर्चा, सभा, मिरवणुकीची गर्दी अशा जागी आईंच्या पिशवीत चाकू नको. मेट्रोत तपासणीलाच अडेल. विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इनच्या सामानात ठेवावा.

आणि खटक्याचा, बटण दाबताच फटकन उघडणारा चाकू करायचा कुणाच्या मनात असेल तर सोडून द्या. तसल्या चाकूकडे पोलीस फळं चिरायचं साधन म्हणून बघत नाहीत. ताईंचा चाकू हाताने रेटून उघडतो, हे उत्तम आहे.

मुठीला सांबरशिंग लावायचं कुणी सुचवेल, म्हणून तेही सांगतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ आहे. जंगलात गळून पडलेलं मिळालं, आजोबांच्या भिंतीवरचं आहे, अशा सबबी चालत नाहीत. हस्तिदंताचंही तेच.

आजीचा_बटवा

मुली, किती छान करते आहेस! एक सांगू? आमच्याकडे धारेची वस्तू नुसती भेट देत नाहीत, नात्याला धार लागते म्हणतात. घेणाऱ्याने एक रुपया द्यायचा, म्हणजे ती विकत घेतली असं होतं. सुरी हातातून हातातही देऊ नये, खाली ठेवावी आणि दुसऱ्याने उचलावी. तू मान किंवा मानू नकोस, पण तुझ्या आईला हे माहीत असणार, तिने रुपया काढला तर नको म्हणू नकोस.

आणि दसऱ्याच्या आत झाला तर खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत ठेव. तुझी कानसही ठेव शेजारी.

मुलुंडकरीण

आजी, नमस्कार. आईला माहीत आहे, आणि रुपया मी आनंदाने घेईन. खंडेनवमीला गाळ्यात मशीनची पूजा असतेच, पातं तिथे ठेवते.

कानसवाला

आता खरं महत्त्वाचं. घडीचा चाकू चांगला की वाईट हे खिळीपाशी ठरतं, बाकी सगळी सजावट.

पात्यातलं भोक पाणी द्यायच्या आधी करायचं, नंतर ड्रिल चालणार नाही. ४ मिमी डॉवेल पिन धरली तर ३.८ किंवा ३.९ ने ड्रिल करून ४ चा रीमर फिरवा. नुसत्या ड्रिलचं भोक किंचित मोठं आणि कडेला तिकोनी होतं, पातं तिथून डुलायला लागतं. दोन्ही पितळी लायनर (मुठीच्या आतल्या पट्ट्या) एकत्र क्लँप करून एकाच वेळी भोकं पाडा. कच्चं पातं तयार करताना धारेकडे निदान अर्धा मिमी जाडी राखा. आधीच कागदासारखं पातळ केलं तर भट्टीत लहरी पडतात. उरलेला उतार पाणी दिल्यावर, पाण्यात बुडवत बुडवत काढायचा. बोटाला चटका बसण्याइतकं तापलं की थांबा.

आता वॉशर. पात्याच्या दोन्ही बाजूंना फॉस्फर ब्राँझची ०.१५ मिमी शिम. मुठीच्या मागच्या अंगाला दोन लायनरमध्ये जो ठोकळा बसतो, त्याची जाडी म्हणजे पातं अधिक दोन वॉशर. पातं २.०० तर ठोकळा २.३०. पण भट्टीतून आल्यावर पातं साफ करताना ते १.९५ वर येईल, मग ठोकळा २.२५ लागणार. ठोकळा जाड राहिला तर पातं डावी-उजवीकडे हलतं. पातळ झाला तर स्क्रू आवळताच पातं जाम. म्हणून ठोकळा सगळ्यात शेवटी, पात्याचं अंतिम माप घेऊन, सरफेस ग्राइंडरवर उतरवा. इथे पाच शतांश मिमीनेसुद्धा हाताला फरक कळतो.

खिळ रिव्हेटने कायमची ठोकू नका. स्क्रूची ठेवा. आज आईंच्या हाताला जी घट्ट-सैल योग्य वाटते ती वर्षभराने वाटेलच असं नाही.

पेरू_तिखटमीठ

वाचनखूण साठवली. अजून एक: शेपूट बाहेर असतं म्हणता, मग पिशवीत काहीतरी त्यावर दाबलं गेलं तर चाकू आतल्या आत उघडेल की!

मुलुंडकरीण

पेरू, याच प्रश्नावर गेला आठवडा अडकले होते. आधी वाटलं खिळीचं घर्षण वाढवावं, पण मग उघडायलाही जड. शेवटी चुंबक. मिटल्यावर पात्याची पाठ जिथे येते तिथे लायनरमध्ये भोक पाडून ३ मिमी व्यासाचं निओडायमियम चुंबक बसवलं, पात्याला घासू नये म्हणून पितळेच्या पातळीपेक्षा केसभर खाली. ४४०सी चुंबकाला धरतं (भांडी करतात ते ३०४ धरत नाही, म्हणून काहींना शंका येते). पहिल्या क्षणी जरा जोर लागतो, पातं सुटलं की पुढे हलकं. आईला तो पहिला जोर जड जात नाही, कारण ती तळव्याने रेटते. शिवाय चामड्याचं छोटं घर शिवून घेतेय. नुसत्या कापडाचं नको, धार आरपार येते.

पातं वागळे इस्टेटहून परत आलं, ५८ भरलं, सरळ आहे. मुठीचं काम चालू आहे. सागवान तेलकट असतं, एपॉक्सी धरत नाही असा अनुभव बऱ्याच जणांनी लिहिलाय, म्हणून चिकटवायच्या आधी ॲसिटोनने पुसून लगेच चिकटवलं आणि वर पितळेच्या दोन पिना ठोकल्या. चौकटीवर तेलरंगाचे कितीतरी थर होते, खाली हिरवा, त्याखाली निळा. तासून झाल्यावर आतलं लाकूड सोनेरी निघालं. खिळ्याचं एक जुनं भोक मुठीत आलंय, ते बुजवलं नाही.

मूठ पॉलिश पेपर ४०० वर थांबवली, त्यापुढे गुळगुळीत केली की ओल्या हातातून सटकते. जाडीही नेहमीपेक्षा जास्त ठेवलीय, १६ मिमी. बारीक मूठ धरायला बोटं जास्त आवळावी लागतात आणि तेच तिला दुखतं.

नागदेवीचा_फेरा

मुठीला फर्निचरचं पॉलिश किंवा टचवूड देऊ नका, खाण्याच्या वस्तूला लागणार. कच्चं जवसाचं तेल पातळ चोळून आठवडाभर वाळू द्या. तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेते. पाण्यात भिजवून टाका. खिळीला खोबरेल नको, कालांतराने चिकट होतं आणि थंडीत गोठतं. खाण्याच्या दर्जाचं मिनरल ऑइल मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिन म्हणून मिळतं, त्याचा एक थेंब पुरे.

डावखुरा_दादर

माझे बाबा डावखुरे आहेत, आणि वाचून मलाही त्यांच्यासाठी करावासा वाटतोय. या रचनेत डावखुऱ्यासाठी काय बदलावं लागेल? आणि धार कुठल्या अंशाची ठेवलीत?

मुलुंडकरीण

दादा, रचनेत काहीच नाही, शेपूट मधोमध असल्यामुळे दोन्ही हातांना सारखं. फक्त दोन गोष्टी बघा. धार दोन्ही बाजूंनी सारखी उतरवा. एकाच बाजूने उतरवलेली धार उजव्या हातासाठी केलेली असली तर डावखुऱ्याची फोड तिरकी जाते. आणि खिळीच्या स्क्रूचं डोकं बाबांच्या तर्जनीच्या बाजूला येत असेल तर ते लायनरच्या पातळीत बुडवा, नाहीतर टोचतं. मी प्रत्येक बाजूला १७-१८ अंश ठेवलेत, फळांना पुरतात. नारळाच्या खोबऱ्याला लावणार असाल तर २० करा.

आधी एमडीएफचा नमुना करून बाबांच्या हातात द्या आणि काही न सांगता बघा ते कसा उघडतात. शेपटाचा आकार त्यावरून काढा. माझं ड्रॉइंग हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाठवते. त्यातलं खिळीपासून शेपटाचं माप तेवढं त्यांच्या हातानुसार बदला.